मदत हवी आहे: मुलांना शनी दाखवायचाय, पण आजीला काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी खेड्यातल्या शाळेत पाचवीला शिकवते. ऑक्टोबर 2026 च्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर मुलांना दुर्बिणीतून शनी दाखवायचं ठरवलंय. 4 ऑक्टोबरला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे दिवस मावळताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. साडेआठपर्यंत चांगला वर आलेला असेल. एका पालकांनी 70 मिमीची दुर्बीण देऊ केली आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. परवा वर्गात सांगितल्यावर एक मुलगी उभी राहिली. "बाई, माझी रास मेष. आजी म्हणते साडेसाती लागलीय, शनीकडं बघायचं नाही." तिच्या मागोमाग आणखी चौघांनी हात वर केले. ही आजी दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन जाते, रस्त्यात भेटली की माझी विचारपूस करते. तिला मला खोटं पाडायचं नाही.

मी फळ्यावर हिशेब मांडला. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीला जवळजवळ अडीच. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात! भागाकार मुलांनीच केला. ज्या लोकांनी हे मोजलं त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, नुसत्या डोळ्यांनी त्यांनी त्याची चाल टिपली आणि नाव ठेवलं शनैश्चर, हळूहळू चालणारा. मला हे फार मोठं वाटतं. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे तो मुद्दाम येत नाही ना, बाई?" पण घरी गेल्यावर काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तिने रात्रीच्या कार्यक्रमाला नाव दिलं नाही.

दुसरा प्रश्न कड्यांचा. 23 मार्च 2025 ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा कडी कडेवरून दिसत असल्याने जवळपास नाहीशी झाली होती. गॅलिलिओलाही 1612 मध्ये असाच धक्का बसला होता. 1610 मध्ये ग्रहाच्या दोन बाजूंना त्याला काहीतरी दिसलं होतं, ते दोन वर्षांनी गायब! ती कडी आहेत हे डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने 1659 मध्ये छापून सांगितलं. आता ती पुन्हा उघडू लागली आहेत, पण पूर्ण उघडायला 2032 उजाडेल. 10 मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) या दुर्बिणीतून 70 पट मोठं दिसतं. एवढ्यावर मुलांना कडं ओळखू येईल, की नुसती ग्रहाला आडवी टोचलेली काडी दिसेल? ज्यांनी अलीकडे अशाच लहान दुर्बिणीतून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. शनीचा सर्वात मोठा चंद्र टायटन सापडला तर तोही दाखवायचाय.

कड्यांचा पातळपणा दाखवायची युक्ती मात्र सापडली. त्यांचा व्यास सुमारे 2,80,000 किमी आणि जाडी बऱ्याच ठिकाणी जेमतेम 10 मीटर. वहीचा कागद ही जाडी धरली तर कागदाची चकती पावणेतीन किलोमीटर रुंद करावी लागेल. आमच्या शाळेपासून थेट पलीकडच्या वाडीच्या विहिरीपर्यंत! मुलं एक कागद चिमटीत धरून किती वेळ त्या दिशेला बघत होती.

'शनी पाण्यावर तरंगेल' हे मात्र सांगावं का, याबद्दल मन साशंक आहे. त्याची सरासरी घनता पाण्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे हे खरं, आणि बादलीत सुकलेल्या सागाचा तुकडा टाकून ते दाखवताही येतं. पण शनीला पाय टेकायला जमीनच नाही, तो बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियम. चेंडूसारखा तरंगणारा शनी मुलांच्या डोक्यात कायमचा बसेल अशी भीती वाटते.

तरी मुख्य मदत आजीसाठीच हवी आहे. येत्या शनिवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. मनात आहे की नातीसाठी परवानगी मागण्यापेक्षा आजीलाच आधी बोलवावं, "आजी, पहिला मान तुमचा" म्हणून. गावात असा कार्यक्रम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा, वडीलधाऱ्यांशी तुम्ही सुरुवात कुठून केली? साडेसातीचा हिशेब आधी सांगावा, की काही न बोलता आधी दुर्बिणीपाशी न्यावं?