ऑनलाइन लेखाकर्माच्या वर्गात डिजिटल कथाकथन : विद्यार्थ्यांशी नाते खरोखर जुळते का?

जमाखर्च_गंगापूररोड (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधून पदवीच्या पहिल्या वर्षाला पुस्तपालन व लेखाकर्म ऑनलाइन शिकवते. माझ्या यादीत 58 नावे आहेत. काही जण सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करतात, काही निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरचे आहेत, तर पेठ-सुरगाण्याकडच्या काही जणींना मोबाइलला रेंज मिळावी म्हणून तास सुरू असताना घराबाहेर येऊन बसावे लागते. यांपैकी बहुतेकांचा चेहरा मी वर्षभरात पाहिलेला नाही. "समजले का?" असे विचारले की पडद्यावर एक-दोन अंगठे उमटतात आणि पुन्हा सामसूम होते.

डिजिटल कथाकथनाने हे अंतर कमी होते, असे एका प्रशिक्षणात ऐकले आणि मी कामाला लागले. पैसे हाती आलेले असोत वा नसोत, व्यवहार ज्या वर्षाचा त्याच वर्षात नोंदवायचा, हा मुद्दा समजावण्यासाठी रामभाऊ नावाचा एक काल्पनिक दुकानदार उभा केला, गोदाघाटावरच्या पहाटेची दृश्ये जोडली, मागे बासरी ठेवली. तीन रविवार खर्ची पडले आणि 11 मिनिटांची चित्रफीत तयार झाली. तिघांनी "छान" असे लिहिले. मात्र बहुतेकांनी दुसऱ्या मिनिटापर्यंत ती बंद केली होती, हे प्रणालीतील नोंदींवरून मला नंतर दिसले.

माझे चुकले कुठे? लांबी चुकली, गोष्ट चुकली, की हिशेबाच्या विषयाला गोष्ट मानवतच नाही? शिक्षकाने स्वतःच्या घरातले प्रसंग सांगणे कितपत शोभते, याविषयीही मन साशंक आहे. शिवाय विद्यार्थ्यांकडून अशा गोष्टी करून घेतल्या, तर त्यांना गुण कशाचे द्यायचे?

बागेतला_मास्तर, निफाड

मॅडम, आपण केली ती माहितीपर चित्रफीत झाली, आणि ती वाईट असेल असे मी म्हणत नाही. परंतु डिजिटल कथाकथन या नावाने जी पद्धत ओळखली जाते, तिचा उगम निराळा आहे. 1994 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसांना स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग स्वतःच्या आवाजात, घरातल्या छायाचित्रांच्या आधाराने, दोन-तीन मिनिटांत सांगायला शिकवले. संहिता साधारण 250 ते 300 शब्दांची असे. त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की संगणकाला हात लावण्याआधी सगळे जण गोल बसून आपापला कच्चा मसुदा एकमेकांना वाचून दाखवत. नाते त्या बैठकीतच जुळू लागते, चित्रफीत त्यानंतर येते. आपल्या पद्धतीत ही बैठकच नव्हती, आणि रामभाऊ तर कोणाचाच कोणी नव्हता.

हिशेबाला गोष्ट मानवत नाही, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. मी हाच मुद्दा कसा शिकवतो ते सांगतो. आमच्या बागेतला माल एका वर्षी मार्चमध्ये व्यापाऱ्याने उचलला आणि पैसे मिळाले मेच्या अखेरीस. मधल्या काळात एप्रिल छाटणीची मजुरी द्यायची होती आणि माझी परीक्षेची फी भरायची होती. वडील वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "द्राक्षे विकली." आई डबा उघडून दाखवायची आणि म्हणायची, "मग पैसे कुठे आहेत?" दोघेही खरे बोलत होते. वडील उपार्जन पद्धतीने (हक्क झाला की नोंद) हिशेब ठेवत होते आणि आई रोख पद्धतीने (पैसे हाती आले की नोंद), एवढेच. त्याच गोष्टीत पुढे एक पेच आहे : एप्रिल छाटणीवर झालेला खर्च नुकत्याच विकलेल्या मालाचा नव्हे, तर पुढच्या हंगामाच्या मालाचा असतो, मग तो कोणत्या वर्षाच्या उत्पन्नासमोर मांडायचा? हे मी सांगत नाही, विचारतो.

गोष्ट अडीच मिनिटांची आहे. वडिलांच्या वहीचे एक पान, छाटलेल्या वेलींचे एक छायाचित्र आणि माझा आवाज, इतकेच तिच्यात आहे. शेवटी मी एकच प्रश्न ठेवतो : "31 मार्चला तुमच्या घरी असे कोणते पैसे होते, जे हक्काचे झाले होते पण हातात आलेले नव्हते?" उत्तर बोलून पाठवायचे, मोबाइलवर, एका मिनिटाच्या आत. पहिल्या वर्षी नऊ उत्तरे आली. एकाने मार्चचा ओव्हरटाइम एप्रिलच्या पगारात मिळतो, हे सांगितले, तर एकीने दूध डेअरीचे दहा दिवसांचे बिल सांगितले. पुढच्या तासाला मी त्या दोघांची परवानगी घेऊन त्यांच्याच उदाहरणांच्या नोंदी फळ्यावर केल्या, आणि त्यानंतर "समजले का?" हा प्रश्न विचारण्याची गरज राहिली नाही.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी 2000 साली ऑनलाइन शिक्षणाची जी चौकट मांडली, तिच्यात शिक्षकाच्या आणि विचारांच्या उपस्थितीबरोबर सामाजिक उपस्थितीलाही स्थान आहे : समोरचा माणूस खराखुरा आहे, असे वाटणे. ते वाटणे दोन्ही बाजूंनी लागते. आपली गोष्ट ऐकवून आपण खरे झालो, तरी त्यांचे ऐकले नाही तर ते आपल्या लेखी यादीतली नावेच राहतात. घरचे प्रसंग सांगणे शोभते का, याचे उत्तर मी इतकेच देईन की आईवडिलांच्या वादातला हिशेब मी सांगतो, वाद सांगत नाही.

पंचवटीकर

वरील प्रतिसाद आवडला, पण एक सावधगिरी नोंदवतो. गोष्ट रंगली की धडा मागे पडतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे, की विषयाशी संबंध नसलेले रंजक तपशील, पार्श्वसंगीत आणि शोभेची चित्रे घातल्यास शिकणे कमी होते. आपली बासरी आणि घाटावरची पहाट त्याच खात्यात जमा होते.

आपल्याकडे नारदीय कीर्तनकारांनी हा तोल केव्हाच साधला आहे. पूर्वरंगात मूळपद, म्हणजे कीर्तनाचा मुख्य विषय सांगणारे पद, घेऊन त्याचे निरूपण करायचे, उत्तररंगात आख्यान, म्हणजे त्याला धरून गोष्ट, लावायचे, आणि आख्यान कितीही रंगले तरी शेवटी त्या मूळपदावर यायचे. आपल्या चित्रफितीत मूळपद, म्हणजे धड्याचा मुख्य मुद्दा, कितव्या मिनिटाला येते, ते एकदा पाहावे. सहाव्या मिनिटाला येत असेल, तर श्रोते दुसऱ्या मिनिटाला उठून गेले यात त्यांचा दोष नाही.

ध्वनी_आणि_चित्र, नाशिकरोड

मी शैक्षणिक चित्रफितींचे संकलन करतो, म्हणून तांत्रिक बाजूपुरते लिहितो.

लांबीबद्दल : एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे 69 लाख पाहणी-नोंदी तपासून 2014 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सहा मिनिटांपेक्षा छोट्या चित्रफिती विद्यार्थी अधिक टिकून पाहतात, असे आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले, की स्टुडिओत भरपूर खर्च करून केलेल्या चित्रणापेक्षा साधेपणाने, समोर बसून बोलल्यासारखे केलेले चित्रण अधिक परिणामकारक ठरू शकते. त्यामुळे तीन रविवार घालवू नयेत. एक संध्याकाळ पुरे.

आवाज मोबाइलवरच ध्वनिमुद्रित करावा, पण पंखा बंद करून, आणि शक्यतो कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडून त्याच्यासमोर बसावे, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. ध्वनिफीत 64 केबीपीएस मोनो एमपी3 या लहान आकाराच्या स्वरूपात जतन केल्यास मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी लागतो. तीन मिनिटांची गोष्ट दीड एमबीत बसते आणि सुरगाण्यातही उतरवून घेता येते. छायाचित्रे सहा ते आठ पुरतात. ज्यांना ऐकू कमी येते किंवा कारखान्याच्या गोंगाटात ज्यांना आवाज लावता येत नाही, त्यांच्यासाठी पूर्ण संहिता मजकुराच्या रूपात सोबत द्यावी. आंतरजालावरून उचललेले संगीत टाळावे. हक्कांचा प्रश्न येतोच, आणि वर पंचवटीकर म्हणतात ते कारण आहेच.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवताना मोठा देखावा उभारला नव्हता. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती मिनिटाभरात पडद्यावर दाखवली होती.

दुसरी_पाळी_सातपूर

मी शिक्षक नाही, मुक्त शिक्षणातून पदवी करत आहे, त्यामुळे पलीकडची बाजू मांडते. मागे एका ऑनलाइन अभ्यासक्रमात "तुमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण क्षण" या विषयावर डिजिटल कथा करायला सांगितली होती. तिला 10 गुण होते आणि ती सर्वांना दिसणार होती. माझा कठीण क्षण मला कोणाला दाखवायचा नव्हता. मी एक खोटी गोष्ट रचली आणि मला 10 पैकी 9 गुण मिळाले. त्यानंतर त्या शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे, असे मला कधीच वाटले नाही.

म्हणून विनंती अशी, की विषय वस्तूंचे आणि व्यवहारांचे ठेवावेत, जखमांचे नव्हेत. घरातली वही, दुकानाची पावती, पगाराची चिठ्ठी यांतून सांगणाऱ्याला हवे तेवढेच उघड करता येते. आवाज पाठवायचा की लिहून द्यायचे, याची निवड आमच्यावर सोडावी. वर्गात ऐकवण्याआधी विचारावे, आणि "नको" म्हटल्यास कारण विचारू नये. गुण नोंद बरोबर केली याचे आणि ती तशी का केली, हे नीट सांगितल्याचे द्यावेत. कोणाच्या गोष्टीने डोळ्यांत पाणी आले, याचे गुण नसावेत.

आणखी एक, मॅडम. तासाला आम्ही अंगठा दाखवतो, तो पुष्कळदा "ऐकत आहे, पण बोलता येत नाही" एवढाच असतो. दुसऱ्या पाळीच्या मधल्या सुट्टीत मशिनजवळ उभे राहून कॅमेरा कसा सुरू करणार? रात्री साडेअकराला घरी आल्यावर मात्र एका मिनिटाचा आवाज पाठवता येतो.

जमाखर्च_गंगापूररोड

सर्वांचे मनापासून आभार. सातपूरच्या ताई, आपला अनुभव वाचून मी प्रश्नावलीतील "तुमचा संघर्ष सांगा" हे वाक्य आजच काढून टाकले. उत्तरे पाठवण्याची वेळ रात्री आठपर्यंत ठेवली होती, ती आता आठवडाभर खुली राहील.

रामभाऊंना निरोप दिला आहे. पुढचा धडा अखेरच्या शिल्लक मालाच्या मूल्यांकनाचा आहे : खरेदीची किंमत आणि विकून निव्वळ हाती येईल ती रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरायची. माझ्या सासऱ्यांचे जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. 2015 च्या सिंहस्थासाठी त्यांनी नेहमीपेक्षा खूप जास्त माल भरला, त्यातला बराचसा राहिला आणि आजही माळ्यावर आहे. गोष्ट 270 शब्दांत लिहून झाली आहे. मूळपद तिसऱ्या वाक्यात आले आहे. सोबत दोनच छायाचित्रे ठेवली आहेत, एक माळ्याचे आणि एक जुन्या खरेदी बिलाचे. विद्यार्थ्यांना विचारणार आहे, की तुमच्या घरी किंवा कामाच्या जागी असा कोणता माल पडून आहे, आणि आज वहीत त्याची किंमत किती लिहाल.

निफाडच्या सरांनी सांगितलेली बैठक घरातच घेतली. काल मसुदा सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच दुरुस्ती सुचवली : "गडू राहिले असे लिहिले आहेस, ते चूक आहे. गंगेचे पाणी न्यायला लोकांनी गडू सगळे नेले. राहिली ती ताम्हने."