कस्टम सायकलला रिम ब्रेक की डिस्क? स्टीलच्या फ्रेमला अजूनही रिम ब्रेकच

पंधराचा पाना
कस्टम सायकल बांधताना बरेच जण आधी आवडीची रिम (चाकाची बाहेरची कडी) घेऊन ठेवतात आणि मग तिला जुळणारा ब्रेक शोधत बसतात. क्रम उलटा पाहिजे. टायरची रुंदी ठरवा, त्यावरून ब्रेक, ब्रेकवरून फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाया) आणि हब (चाकाचा मधला तुंबा), आणि सगळ्यात शेवटी रिम.

आता मुद्द्याचं मत: टायर ३२ मिमीपर्यंत आणि फ्रेम स्टीलची असेल तर रिम ब्रेकच घ्यावा (यात रबरी शू रिमला दाबतात; डिस्कमध्ये पॅड हबवरच्या चकतीला). डिस्कचा कॅलिपर (दाबणारा चिमटा) फोर्कच्या डाव्या पायाच्या तळाशी बसतो, ब्रेकचा सगळा जोर तिथे येतो. म्हणून तो पाय जाड नळीचा करावा लागतो आणि स्टीलच्या फोर्कचा लवचीकपणा, ज्यासाठी आपण स्टील घेतो, तिथेच संपतो. रिम ब्रेकचा जोर वर क्राउनपाशी (दोन्ही पाय जुळतात तिथे) येतो, जिथे फोर्क मुळातच मजबूत असतो.

ब्रेक घेण्याआधी रीच मोजा: चाक नीट मध्ये बसवून ब्रेकच्या बोल्टच्या छिद्रापासून रिमच्या ब्रेक-पट्टीच्या मध्यापर्यंत. ड्युअल पिव्हट (दोन खिळींवर फिरणारे) कॅलिपर मुख्यतः ३९–४९ आणि ४७–५७ मिमी या मापांत येतात. पहिल्यात साधारण २८ मिमीचा टायर मावतो, दुसऱ्यात ३२, पण मडगार्ड लावले की २८वर या. रिम दुहेरी भिंतीची, ब्रेक-पट्टी मशीन केलेली, आतली रुंदी १९ मिमी. ३२ स्पोक, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडतो), पितळी निपल (स्पोक रिमला आवळणारी नट). यात काही चुकायला जागाच नाही.

तिरपी तार
सहमत नाही. रीच आणि स्पोकची मापं बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

रिम ब्रेकमध्ये झिजणारा भाग म्हणजे चाकाचा सांगाडाच. ब्रेक-पट्टीची भिंत नवी असताना साधारण दीड मिमी असते. ती एक मिमीच्या खाली गेली की टायरमधली हवा तिला बाहेर ढकलायला लागते, आणि एक दिवस भिंत फाटते. तेही बहुधा ब्रेक दाबलेला असताना. पावसात चिखल आणि अॅल्युमिनियमचा चुरा शूमध्ये रुतून रिमला कानशीसारखा घासतो, तेव्हा ही झीज फार लवकर होते. डिस्कमध्ये झिजतो तो रोटर, म्हणजे ती चकती. नवा १.८ मिमीचा, १.५ला बदलायचा, सहा बोल्ट काढले की झालं. हौसेनं बांधलेलं चाक शाबूत राहतं.

दुसरं म्हणजे ओली रिम. पहिले काही फेरे शू नुसतं पाणीच पुसतो, मग पकडतो. रोटर जमिनीपासून वर असतो आणि पॅडचा दाब इतका असतो की हा उशीर फार कमी होतो.

आणि ६२२च्या जागी कधी ५८४ची चाकं (टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीत) जाड टायरसह लावायची झाली तर? रिमची पट्टी १९ मिमी खाली जाते. एवढा फरक बसवलेला कॅलिपर भरून काढत नाही. डिस्कवाल्याला फक्त चाक बदलायचं असतं.

पंधराचा पाना
५८४चा मुद्दा मान्य. झिजेचा अर्धाच.

रिम झिजली म्हणजे चाक गेलं असं नाही. त्याच ईआरडीची, म्हणजे स्पोकची टोकं पोहोचतात तिथल्या व्यासाची, रिम (फरक एक-दोन मिमीच्या आत, आणि स्पोकच्या छिद्रांची डावी-उजवी रचना तीच) जुन्या रिमला टेप लावून शेजारी बांधा आणि एकेक स्पोक नव्या रिममध्ये सरकवा. हब आणि स्पोक तेच, निपल नवे. मग ताण द्या, आऊट (चाकाचं डुगडुगणं) काढा. म्हणूनच रिम निवडताना अशी निवडा जिचं माप वर्षानुवर्षं बदललेलं नाही. दिसायला भारी पण दर हंगामाला माप बदलणारी रिम कस्टम चाकाला घेऊच नये.

झीज तपासायला रिमच्या ब्रेक-पट्टीवर सरळ पोलादी पट्टी उभी धरा. मध्ये उजेड दिसला की खळगा पडलाय. काही रिमवर खूण म्हणून खाच किंवा बारीक छिद्र असतं, ते दिसेनासं झालं की रिम संपली. आणि शूमधले चमकणारे कण टोकदार वस्तूने अधूनमधून उपटत राहा. निम्मी झीज त्या कणांमुळेच होते असं माझं मत आहे.

हबशेठ
दोघंही लिव्हरबद्दल बोलत नाही, आणि कस्टम बिल्ड सगळ्यात जास्त तिथेच फसतं.

व्ही-ब्रेकला (दोन लांब उभ्या हातांचा रिम ब्रेक) रोड कॅलिपरच्या साधारण दुप्पट केबल खेचावी लागते. रोडची लिव्हर लांब हातांच्या व्ही-ब्रेकला जोडली तर शू रिमपासून केसभर अंतरावर ठेवावे लागतात, आणि चाक जरा आऊट झालं की घासतात. अंतर वाढवलं की लिव्हर हँडलला टेकते. उलट केलं, म्हणजे व्ही-ब्रेकची लिव्हर कॅलिपरला, तर लिव्हर दगडासारखी घट्ट लागते आणि ब्रेक लागतच नाही. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण स्टँडवर हातात घेऊन बघताना ब्रेक ‘मस्त कडक’ वाटतो. केबलच्या डिस्कलाही हेच लागू: रोड आणि एमटीबीचे (डोंगरी सायकलचे) कॅलिपर वेगवेगळे, बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. आउटर केबल न दबणारी घ्या, नाहीतर अर्धा जोर तिच्यातच मुरतो.

डिस्क घेणार असाल तर १२ मिमीचा थ्रू-एक्सलच (फोर्कच्या दोन्ही पायांतून आरपार जाणारा) घ्या. कॅलिपर डाव्या पायाच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक लावला की चाकाचा एक्सल खाली, ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या खाचेच्या) उघड्या तोंडाकडे ढकलला जातो. क्विक रिलीज (एक्सल हाताने आवळायची खिटी) नीट आवळली नसेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

तिरपी तार
थ्रू-एक्सलला +१. पण मग फोर्क निम्मा डिस्कचाच झाला की, शेठ.

उतार
लांब उताराचं कोणी काढलं नाही. रिम ब्रेकची उष्णता रिममध्ये जाते, रिमला चिकटून ट्यूब असते. सामान लादलेली सायकल सतत ब्रेक ओढत खाली आणली की ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमला तर रेझिन मऊ पडून भिंतच वाकते. म्हणून रिम ब्रेक हवाच असेल तर सामानाच्या सायकलला कार्बन रिम नकोच.

डिस्क घेतली म्हणून सुटका नाही. १४० मिमीचा रोटर आणि ऑरगॅनिक (म्हणजेच रेझिन) पॅड सामानासह तापले की पॅडवर काच चढल्यासारखी चमक येते आणि पकड जाते. पुढे १६० किंवा १८० घ्या, पण फोर्क बनवणाऱ्याने जास्तीत जास्त किती मापाला परवानगी दिलीय ते आधी विचारा. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड उष्णता आणि चिखल जास्त सोसतात, पण ओरडतात, आणि ज्या रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ लिहिलंय तिथे चालत नाहीत. नवीन पॅड बसवल्यावर २५ किमीच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, न थांबता, वीसेक वेळा हळू करा. हे टाळलं की नंतर ‘डिस्क फालतू’ म्हणायला मोकळे.

पंधराचा पाना
सामानाच्या उताराला मी अजूनही अॅल्युमिनियम रिम आणि थोडं दाबा-थोडं सोडा असंच म्हणेन. पण १८०च्या रोटरचा फोर्क जो घेतो त्याच्याशी भांडण नाही. माझी अट ३२ मिमीपर्यंतच्या टायरची आणि स्टीलच्या फ्रेमची होती, ती वाचा.

हबशेठ
डिस्कवाल्यांना बांधणीच्या दोन गोष्टी. पुढचं चाक रेडियल (सरळ, एकमेकांना न ओलांडणाऱ्या स्पोकचं) विणू नका. ब्रेकचा पीळ हबमधूनच रिमपर्यंत जातो, त्याला तिरपे स्पोक लागतात. ऑफसेट रिम (स्पोकची छिद्रं मध्यापासून एका बाजूला असलेली) घेतली तर पुढे छिद्रं उजवीकडे आणि मागे डावीकडे यायला हवीत, म्हणजे जास्त उभे स्पोक (पुढे रोटरकडचे, मागे साखळीकडचे) थोडे आडवे होतात आणि दोन्ही बाजूंचा ताण जवळ येतो. एकच रिम, फक्त फिरवून. विणून झाल्यावर लक्षात आलं तर सगळं उलगडायचं.

आणि फ्रेम रंगाला दिली असेल तर कॅलिपरच्या बैठकीवरचा पावडर कोट खरवडून पृष्ठभाग सपाट करून घ्या. तो जाड थर राहिला तर कॅलिपर तिरका बसतो आणि रोटर एका बाजूने घासत राहतो, कितीही बोल्ट ढिले करून पुन्हा आवळा.