हाफकिन म्हणजे नक्की कोण?

परळची_अनुजा: जन्म परळचा. केईएमला, टाटाला जाताना हाफकिन संस्थेच्या भिंतीला लागूनच आचार्य दोंदे मार्गावरून चालत आलेय, पण हा माणूस कोण ते कधी विचारलं नाही. आता मुलाला नववीत प्रकल्प आलाय, 'मुंबईत काम केलेला शास्त्रज्ञ'. नुसत्या तारखा नकोत, काहीतरी गोष्ट सांगा ना कुणी.

गिरणगावकर: इंग्रज नव्हे हं, सगळे तेच समजतात. ओडेसाचा ज्यू, जन्म १८६०. मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञाचा विद्यार्थी, मग पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट. १८९२ ला कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढचं बाटलीवाले काका सांगतील, त्यांचा प्रांत.

बाटलीवाले_काका: ताई, मी एका औषध कंपनीच्या मीडिया रूममध्ये ३१ वर्षं काढली. मीडिया म्हणजे बातम्या नव्हेत, जंतूंचं जेवण.

१८९६ ला मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला आणि ऑक्टोबरात हाफकिनला इथे पाठवलं. जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात: एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई. मटणाच्या सुपावर तो तुपाचे थेंब सोडायचा. होय, तूपच! प्लेगचा जंतू त्या थेंबाला धरून खाली वाढतो, वडाच्या पारंब्यांसारखा. बाटली हलवली की पारंब्या गळून तळाशी, वर नव्या फुटतात. असं काही आठवडे. मग तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक हे जंतुनाशक घालायचं, झाली लस. आमच्याकडे सुपावर तूप दिसलं असतं तर साहेबांनी अख्खी बॅच ओतायला लावली असती.

१० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला. सणकून ताप आला, पण कामावर हजर. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्मेअर्धे कैदी टोचून घ्यायला तयार झाले. न टोचलेल्यांत १२ जणांना लागण, ६ दगावले. टोचलेल्यांत लागण दोघांना, दोघेही वाचले.

पण मुलाला मुलकोवाल लिहायला सांगा. तेव्हाच्या पंजाबातलं गाव, ऑक्टोबर १९०२. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बूच काढायचा चिमटा तिथे जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. ठपका मात्र मुंबईच्या प्रयोगशाळेवर, हाफकिनचं पद गेलं. अहो, धनुर्वाताचा जंतू मुंबईतच शिरून बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता तर बूच निघताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला वास आला नव्हता! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. आम्ही बाटली उघडली की आधी नाक, मग सूक्ष्मदर्शक.

माझ्यावरही एकदा बॅच नासवल्याचा आळ होता. दोन महिन्यांनी दोष निघाला फिल्टरच्या वॉशरचा. माझे दोन महिने, त्याची पाच वर्षं. १९०७ ला रोनाल्ड रॉस, तोच मलेरियावाला, आणि इतरांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं, मग सुटका. परळची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही, धाडलं कलकत्त्याला. प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं १९२५ ला. तेव्हा तो हयात होता, १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.

गिरणगावकर: परळची ती इमारत म्हणजे आधीचा गव्हर्नरचा बंगला. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथे कॉलऱ्याने वारली, मग गव्हर्नर मलबार हिलला गेले. १८९९ ला तिथेच कॉलऱ्याच्या लसवाल्याची प्रयोगशाळा आली.

परळची_अनुजा: काका, चिमटा आणि वास दोन्ही वहीत गेले. पण पारंब्यांचं चित्र काढता काढता चिरंजीवांनी पेन्सिल खाली ठेवलीय. विचारतो, तूप गाईचं की म्हशीचं?