काळी यादी फक्त हॉलिवूडपुरती नव्हती

१९४०-५०च्या दशकांत अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलाकारांना काळ्या यादीत टाकून काम नाकारलं जायचं. डाल्टन ट्रम्बोसारख्या हॉलिवूडच्या पटकथालेखकांबद्दल छान लिहिलं गेलंय, पण या काळात गायकांचीही ससेहोलपट झाली. 'द वीव्हर्स' या चौकडीचं 'गुडनाइट आयरीन' १९५० साली अमेरिकेत घरोघरी वाजत होतं. दोनच वर्षांत, कम्युनिस्ट असल्याच्या आरोपांमुळे कार्यक्रम मिळेनासे झाले आणि चौकडी फुटली.

त्यातल्या पीट सीगरला १९५५मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयितांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे उभं केलं. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या, अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीची ढाल बहुतेक जण पुढे करत. सीगरने ती घेतलीच नाही. माझी मतं विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही, हवं तर गाणी म्हणून दाखवतो, असं त्याने सुनावलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण त्यात तुरुंगाची जोखीम होती. १९६१ला शिक्षा झालीही. ती १९६२मध्ये अपिलात रद्द झाली.

टीव्हीची दारं बंद, म्हणून तो बँजो घेऊन कॉलेजांतून गात फिरला. साठच्या दशकातल्या आंदोलनांना त्यातूनच गाणारी पिढी मिळाली, असं माझं मत आहे. १९६७ला तो सीबीएस या मोठ्या टीव्ही वाहिनीवर परतला, तेव्हाही तिने त्याचं व्हिएतनाम युद्धावर रोख असलेलं गाणं कापलं. ते प्रसारित झालं १९६८च्या फेब्रुवारीत.