उदाहरणं कमी, पण खोलात

तुम्ही इथे टाकलेल्या, यंत्रांवरच्या सराव निबंधातली भूमिका स्पष्ट आहे, भाषाही चांगली आहे. तरी एसीटीच्या (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) निबंधात गुण का अडकतात, असं विचारलंय, तर माझ्या मते अडचण मधल्या परिच्छेदात आहे. तिथे तीन उदाहरणं आली आहेत आणि एकाचंही पुढे काही झालेलं नाही. 'यंत्रांमुळे नोकऱ्या जातात' एवढ्यावर थांबू नका. कोणाच्या जातात, मग ती माणसं काय करतात आणि त्यातून तुमचा मुद्दा कसा सिद्ध होतो, हे लिहिलंत तर एकच उदाहरण पुरेल.

विषयासोबत जे तीन दृष्टिकोन दिलेले असतात, त्यांच्याबद्दल वरच्या प्रतिसादात कोणीतरी 'तिन्ही दृष्टिकोनांचा सारांश आधी द्या' असं सुचवलंय, ते मला पटत नाही. प्रश्नपत्रिकेत ते छापलेलेच असतात, परीक्षकाला पुन्हा काय सांगायचे? तुमच्या मताला सर्वांत जास्त अडचणीत आणणारा दृष्टिकोन निवडा, त्यातलं खरं ते मान्य करा आणि मग तो कुठे कमी पडतो ते दाखवा. बाकीच्या दोघांना एक-दोन वाक्यं बास. दोन परीक्षक चार निकषांवर १ ते ६ गुण देतात, त्यात विश्लेषण आणि मुद्द्याचा विस्तार हे दोन निकष आहेत.

४० मिनिटांतली सात-आठ आराखड्याला द्या. (घाईने लिहायला लागणारेच निम्म्यात भूमिका बदलतात!) प्रस्तावना दोन-तीन वाक्यांत उरका.

आणि सरावाला रोज नवा विषय कशाला? हाच मधला परिच्छेद घड्याळ लावून पुन्हा लिहा, मग जुना-नवा शेजारी ठेवून वाचा.