मदत हवी आहे: स्टोनी कोव्हला ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा पोशाख) लागेलच का?

मंडळी, इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्हला कुणी डायव्हिंग केलंय का? ओपन वॉटरचा (डायव्हिंगचा सुरुवातीचा) कोर्स मी तारकर्लीला केला. तिथल्या कोमट समुद्रात पातळ वेटसूट पुरला. ही मात्र ग्रॅनाइटची जुनी, पाण्याने भरलेली खाण, एप्रिलमध्येही गारठवणारी. ७ मिमीच्या सेमी-ड्रायमध्ये (आत पाणी कमी शिरू देणाऱ्या जाड वेटसूटमध्ये) अर्धा तास निघेल, की आधी ड्रायसूटचा कोर्सच करावा?

दुसरं, वजनाचं. गोड्या पाण्यात खाली जायला कमरपट्ट्यावरचं शिसं कमी लागतं हे ठाऊक आहे, पण जाड सूट चढवला की पुन्हा वाढवावंच लागणार ना? पट्ट्यावर किती किलोपासून सुरुवात करता?

तिथली बुडालेली स्टेनगार्थ टगबोट बघायची फार हौस आहे, पण ती २० मीटरच्या आसपास आणि माझ्या कोर्सनुसार खोलीची मर्यादा १८! तेव्हा सध्या ६ मीटरच्या टप्प्यावरच. बडी (डायव्हिंगमधला जोडीदार) म्हणून कुणी येणार असेल तर तेही सांगा.