चौकशीला नेलं म्हणजे गुन्हेगार?
गावातलं एक पोरगं बेपत्ता आहे, आणि 'त्याच्या काकाला दोनदा ठाण्यात नेलं, म्हणजे पाणी मुरतंयच' असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. मूल १८ च्या आतलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे अपहरण गृहीत धरूनच गुन्हा नोंदवावा लागतो, बहुधा 'अज्ञात'विरुद्ध. मग शेवटचं पाहणारे, घरचे, शेजारी, सगळ्यांचीच चौकशी होते. दोनदा, तीनदाही.

माग काढणाऱ्या पोलिसी श्वानाचंही तेच. कुत्रं काकाच्या ओसरीवर थांबलं की गाव निकाल देऊन मोकळं! अहो, पोरगं रोज तिथंच खेळायचं, वास असणारच. शिवाय पथक जिल्ह्याहून येईस्तोवर सगळी पांदण गावानं तुडवलेली. कोर्टही हा पुरावा दुबळाच मानतं. मोबाइलच्या टॉवर लोकेशनचं म्हणाल तर खेड्यात एका टॉवरखाली बरेचदा आजूबाजूची गावंही येतात.

काकाचा फोटो ग्रुपवर फिरवणाऱ्यांनी धुळ्याचं राईनपाडा आठवावं: २०१८, मुलं पळवणाऱ्यांची नुसती अफवा, पाच निरपराध ठार.

माणसं जमलीच आहेत तर आधी विहिरी, शेततळी, तुरीची वावरं पाहा. श्वानाला वास देण्यासाठी पोराचा न धुतलेला कपडा कागदी पिशवीत घाला, तोही एकानंच हाताळा. संशय असेल तो ठाणेदाराला किंवा ११२ वर सांगा, चौकात नको.